दाब, तापमान आणि दगड : साताऱ्यातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

टी.वाय.च्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) दोन मुलींनी आज प्रकल्पाचा विषय पक्का केला. प्रश्न त्यांचाच. वायूचा दाब, आकारमान आणि तापमान यांना बांधणारं समीकरण अकरावीपासून पाठ असतं. मग लोखंडाच्या किंवा दगडाच्या तुकड्याचं समीकरण कुठे असतं? आमच्या अभ्यासक्रमात प्रसरणांक (एका अंशाने तापल्यावर पदार्थ किती वाढतो) एका प्रकरणात येतो, बल्क मॉड्युलस (सगळीकडून दाबलं तर आकारमान किती विरोध करतं) दुसऱ्याच, आणि दोघांची गाठ घालून द्यायला कुणाला वेळ नसतो. वर्षानुवर्षं शिकवताना मला ही फट खुपत आली आहे, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं.

फळ्यावर एक हिशेब तिथल्या तिथे केला. बंद भांड्यातली हवा एका अंशाने तापवली तर तिचा दाब साधारण ३४० पास्कलने वाढतो. आता पोलादाचा ठोकळा घेऊ. एका अंशाला त्याचं आकारमान दहा लाखात सुमारे ३५ भागांनी वाढतं. ते वाढू द्यायचं नाही असं ठरवलं, तर तेवढे ३५ भाग दाबून परत आत घालावे लागतील. पोलादाचा बल्क मॉड्युलस १६५ गिगापास्कल. गुणाकार केला की ५८ लाख पास्कल येतात, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सत्तावन्न पट, तेही फक्त एका अंशासाठी. हवेच्या तुलनेत सतरा हजार पट!

आकडा पाहून दोघी गप्प झाल्या. मग एकजण म्हणाली, "मॅडम, म्हणजे घन पदार्थ तापला की फुगतो, हे आपण अर्धंच शिकलो." बरोबर आहे. उरलेलं अर्धं असं की, फुगायला जागा मिळाली नाही तर तो ढकलतो. प्रसरणांक गुणिले बल्क मॉड्युलस हा गुणाकार आमच्या प्रकल्पाचा कणा राहणार.

२५ नोव्हेंबर

तापल्यावर सळई किती लांबते ते मोजणारं पुलिंजरचं उपकरण कपाटातून काढलं. रबरी नळ्या कडक झाल्या होत्या, त्या मामांनी बदलून दिल्या. गेली कित्येक वर्षं प्रयोगशाळा हेच सांभाळतात. कुठल्या स्फेरोमीटरचा (बारीक अंतर मोजणाऱ्या स्क्रूच्या उपकरणाचा) स्क्रू ढिला आहे हे त्यांना वहीत न बघता ठाऊक असतं.

वाफेचं तापमान १०० धरायचं नाही, हे आधीच ठरवून टाकलं. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे. हवेचा दाब मोजणारा फॉर्टिन बॅरोमीटर आज पाऱ्याचे ६९.५ सेंटिमीटर दाखवत होता आणि एवढ्या दाबाला पाणी ९७.५ अंशांना उकळतं. अडीच अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण सारा फरक बहात्तर अंशांचा असताना ते साडेतीन टक्के होतात. पुण्या-मुंबईची उत्तरं साताऱ्यात उतरवून चालत नाहीत ती अशी.

२९ नोव्हेंबर

मोजमापं झाली. हे काम बघण्यासारखं असतं, म्हणून सविस्तर लिहिते. अर्ध्या मीटरची सळई उभ्या नळकांड्यात असते. तिचं खालचं टोक पक्क्या तळावर टेकलेलं, वरचं टोक स्फेरोमीटरच्या स्क्रूखाली. स्क्रू हलकेच खाली आणत जायचा. टोक सळईला भिडलं की विजेचं मंडल पूर्ण होतं आणि टॉर्चचा बल्ब लागतो. बल्ब लागतो-विझतो तो बिंदू पकडायचा. बोटांनी स्क्रू दाबायचा नाही, कडेला धरून फिरवायचा. वाफ सोडण्याआधी स्क्रू चांगला दोन फेरे वर घ्यायचा, नाहीतर वाढणारी सळई थेट स्क्रूवर ढकलते आणि वरची काच तडकते. हा नियम उपकरणासोबतच्या कागदावर असतो. आम्ही मात्र त्याच्याकडे आमचा विषय म्हणून बघितलं. ज्या सळईला जागा मिळत नाही ती काय करते, हेच तर शोधायचं आहे.

वाफ सोडल्यावर घाई केली नाही. खालच्या नळीतून आधी पाणी ठिबकतं, मग पाणी आणि वाफ मिसळून येते, मग नुसती वाफ. त्यानंतरही वाचन स्थिरावेपर्यंत थांबलो.

खोलीचं तापमान २५.२, वाफेचं ९७.५. सळया ५०० मिलिमीटरच्या. लोखंडाची ०.४३ मिलिमीटर वाढली, तांब्याची ०.६०, पितळेची ०.६७, ॲल्युमिनिअमची ०.८३. यावरून दर अंशाला लांबीतली वाढ दहा लाखात अनुक्रमे ११.९, १६.६, १८.५ आणि २३.० भाग. आकारमानासाठी तिप्पट. स्फेरोमीटर एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतच वाचतो, म्हणून लोखंडाच्या आकड्यात दोन टक्क्यांहून थोडी जास्त अनिश्चितता आहे. तेवढी आम्हाला परवडते.

८ डिसेंबर

सातारा-कराड पट्ट्यातल्या एका गावात देवस्थानच्या रथाच्या लाकडी चाकाला नवी धाव, म्हणजे बाहेरचं लोखंडी कडं, चढवायची आहे असं मामांकडून कळलं. मुलींना घेऊन गेले.

चाकाचा व्यास १२० सेंटिमीटर, म्हणजे घेर ३७७. लोहारदादांनी धाव मुद्दामच आखूड ठेवली होती, घेराला अडीच सेंटिमीटर कमी. टेप नव्हती. मोजायला एक लोखंडी चकती होती. ती आधी चाकावरून फिरवायची, मग धावेच्या आतून, आणि खडूच्या खुणेने फरक धरायचा. किती आखूड ठेवायची ते कसं ठरवता, असं विचारलं तर म्हणाले, "लाकूड बघून, ताई. बाभळ जुनी आणि वाळलेली असेल तर कमी. सांधे ढिले असतील तर जास्त."

गोवऱ्या आणि लाकडं रचून धाव गोल भट्टीत तापवली. मंद लाल झाली की चौघांनी सांडशीने उचलून चाकावर टाकली. ती सरकन बसली. लाकडातून धूर निघाला, आणि लगेच बादल्या ओतल्या. मग जो आवाज येतो तो ऐकायला हवा : लाकूड कडकड करत आवळतं, आऱ्या तुंब्यात शिरतात, सांध्यातल्या फटी डोळ्यांदेखत मिटतात. काही मिनिटांपूर्वी हाताने हलणारं चाक एकसंध झालं.

९ डिसेंबर

कालचा हिशेब. मंद लाल म्हणजे सहाशेच्या वर काही अंश. एवढ्या तापमानापर्यंत पोलादाचा सरासरी प्रसरणांक आमच्या ११.९ पेक्षा जास्त असतो, चौदाच्या जवळ. धावेचा घेर तीन सेंटिमीटरहून थोडा जास्त वाढला असणार. आखूडपणा अडीच सेंटिमीटरचा. उरलेल्या पाऊण सेंटिमीटरच्या मोकळिकीत ती बसली.

आता थंड होताना. लाकूड अजिबात हललं नसतं, तर धावेला अडीच सेंटिमीटर ताणलेलंच राहावं लागलं असतं. हा ताण हजारात साडेसहाहून जास्त. यंग मॉड्युलसने (लांबीत ताणायला पदार्थ किती विरोध करतो त्या मापाने) गुणलं तर १३०० मेगापास्कल येतात. साधं पोलाद अडीचशेच्या आसपास कायमचं ताणलं जायला लागतं, म्हणजे घेरातल्या जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरलाच. बाकीचं अंतर सांध्यांनी मिटून आणि धावेने कायमचं लांबून भरून काढलं. लोहारदादांचा "लाकूड बघून" हा निकष म्हणजे नेमका हा हिशेब आहे, आणि तो त्यांच्या हातात आहे.

मुलींनी एक रास्त शंका काढली : पहिल्या दिवशी आपण एका अंशाला ५८ लाख पास्कल म्हणालो, पण इथे यंग मॉड्युलस गुणिले रेषीय प्रसरणांक केलं तर २४ लाखच येतात. मग खरं काय? दोन्ही खरं. सळई फक्त दोन टोकांना धरली तर ती बाजूंनी फुगते आणि दाबातला मोठा वाटा तिथे सुटतो. सर्व बाजूंनी कोंडलं तर सुटायला वाट नाही. पोलादाचं पॉयसन गुणोत्तर (लांबीत दाबल्यावर बाजूंनी किती फुगतं त्याचं प्रमाण) ०.३ धरलं की दोन्ही उत्तरांचं प्रमाण अडीच येतं, आणि आमचे आकडे तेच सांगतात.

टोकांना धरलेल्या सळईचं सर्वांत मोठं उदाहरण पुणे-मिरज मार्गावर रोज दिसतं. लांब जोडलेल्या रुळाचा मधला भाग लांबीत हलूच शकत नाही. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशाला सुमारे १.८ टन जोर साठतो. रूळ बसवला तेव्हापेक्षा तीस अंशांनी तापला तर पंचावन्न टनांच्या जवळ. आणि हा जोर रुळाच्या लांबीवर अवलंबून नसतो! अर्धा किलोमीटर असो की दहा, तेवढाच. खडीचा भराव आणि स्लीपर रुळाला बाजूला वाकू देत नाहीत म्हणून गाड्या धावतात.

११ डिसेंबर

१९६७ साली याच तारखेला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तीव्रता ६.३. दोघींपैकी एकीचं गाव पाटण तालुक्यात आहे. तिच्या घरी ही तारीख अजून पाळली जाते. तिनेच विचारलं की धातूंबरोबर कोयनेच्या खालचा खडकही घेता येईल का.

घ्यायचा. कराडला केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे, आणि कोयना परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल पथदर्शी बोअर घेतलेला आहे. वर साधारण सव्वा किलोमीटर बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, आणि त्याखाली ग्रॅनाइट आणि नाइस (ग्रॅनाइटसारखाच, पण पट्टेदार खडक) यांचा प्राचीन पाया. भूकंपाचं भाकीत वगैरे आमच्या आवाक्यातलं नाही आणि तसा आव आणायचा नाही. आमचा प्रश्न साधा : तीन किलोमीटर खालच्या दगडाचं आकारमान, तोच दगड जमिनीवर असता त्याच्या तुलनेत, किती वेगळं असेल? खाली दाब त्याला आवळतो, उष्णता फुगवते. जिंकतं कोण?

१७ डिसेंबर

बल्क मॉड्युलस मोजण्याचा दिवस. घन पदार्थ सगळीकडून दाबून त्याचं आकारमान मोजणं कॉलेजात अशक्य आहे. यंग मॉड्युलस आणि पॉयसन गुणोत्तरावरून काढता येतो, पण त्या वाटेत मोठा खड्डा आहे : तांब्यासाठी पॉयसन गुणोत्तरात ०.०१ इतका फरक पडला तर बल्क मॉड्युलस सहा टक्क्यांनी हलतो. म्हणून ध्वनीची वाट धरली. एमआयडीसीतल्या एका कास्टिंग कारखान्यात अल्ट्रासॉनिक तपासणीचं यंत्र आहे. तिथल्या तपासनीसांनी दुपारी दोन तास दिले.

तत्त्व सोपं आहे. ठोकळ्याच्या एका तोंडावर प्रोब ठेवायचा, ध्वनीची लहर आत जाते, पलीकडच्या तोंडावरून परतते, पडद्यावर शिखर उमटतं. जाण्यायेण्याची वेळ मिळाली की वेग मिळतो. पण लहरी दोन प्रकारच्या लागतात. लांबीच्या दिशेने दाबत जाणारी, आणि आडवी, कात्रीसारखी सरकवणारी. पहिलीत आकारमान आणि आकार दोन्ही बदलतात, दुसरीत फक्त आकार. पहिलीतून दुसरीचा योग्य वाटा वजा केला की निव्वळ आकारमानाचा विरोध उरतो, आणि तोच बल्क मॉड्युलस.

पहिल्या लहरीसाठी प्रोबखाली साधं तेल पुरलं. आडव्या लहरीला ते चालेना, कारण पातळ द्रव आडवा सरकाव पुढे नेत नाही. तेलाच्या थरातच लहर मरते. तपासनीसांनी टेबलाच्या खणातून महाबळेश्वरच्या मधाची बाटली काढली. घट्ट मधाचा पातळ थर दिला, प्रोब दाबून धरला, आणि पडद्यावर शिखर हळूहळू वर आलं. मध जसजसा पसरून पातळ होत गेला तसं ते आणखी टोकदार झालं. मुली थक्क झाल्या. मधाची ही युक्ती या धंद्यात जगभर वापरतात.

पोलादाचा ५० मिलिमीटरचा ठोकळा : लांबीची लहर जाऊन-येऊन १६.९ मायक्रोसेकंद, आडवी ३०.९. वेग सेकंदाला ५९१७ आणि ३२३६ मीटर. घनता ७८५०. बल्क मॉड्युलस १६५ गिगापास्कल. ॲल्युमिनिअमचा तसाच काढला, ७३ आला. तांब्याचा पुरेसा जाड ठोकळा मिळाला नाही, त्याचा १४० हा आकडा कोष्टकातून घेतला.

१९ डिसेंबर

दगड. बेसाल्टचा ६० मिलिमीटरचा घन खाणीवाल्याकडून कापून घेतला होता, निवडून घट्ट, भोकं नसलेला. घनता पाण्यात तोलून २.८८. वेग ५७४२ आणि ३१५०, बल्क मॉड्युलस ५७ गिगापास्कल. दुसरा तुकडा लाव्ह्याच्या प्रवाहाच्या वरच्या थरातला होता, भोकाभोकांचा, काही भोकांत झिओलाइट हे पांढरं खनिज भरलेलं. त्यात प्रतिध्वनी परत आलाच नाही. प्रत्येक भोकावर लहर विखुरते. सह्याद्रीत असे दोन्ही प्रकारचे थर एकावर एक आहेत, तेव्हा "बेसाल्टचा" एकच आकडा लिहिताना कुठला बेसाल्ट ते सोबत लिहायचं, असं ठरलं.

ग्रॅनाइटचा तुकडा फरशीच्या दुकानातून आणला. खरा ग्रॅनाइट आहे ना हे भिंगातून पाहून घेतलं. क्वार्ट्झचे काचेसारखे दाणे आणि गुलाबी फेल्डस्पार स्पष्ट दिसतात. घनता २.६४, वेग ४६०० आणि २८५०. बल्क मॉड्युलस फक्त २७ गिगापास्कल! हँडबुकात भेगा नसलेल्या ग्रॅनाइटचा ५० च्या आसपास दिलेला असतो. मोजणी पुन्हा केली, आकडा तोच. हा फरक दगडाचा आहे. त्याच्याकडे परत यायचं.

२ जानेवारी २०२५

सुट्टीनंतर आज गाठ बांधण्याचं काम. १९१२ च्या सुमारास एडुआर्ड ग्रुनाइझेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की प्रसरणांक, बल्क मॉड्युलस आणि उष्माधारकता (एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) या तीन वेगळ्या दिसणाऱ्या राशी एका संख्येत एकत्र येतात. प्रसरणांक गुणिले बल्क मॉड्युलस गुणिले मोलचं आकारमान, भागिले मोलची उष्माधारकता. एकक उरत नाही, नुसती संख्या उरते.

आमच्याच आकड्यांनी काढली. लोखंड १.६६. तांबं २.०३. ॲल्युमिनिअम २.१. एकाचा प्रसरणांक दुसऱ्याच्या दुप्पट, एकाचा बल्क मॉड्युलस दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी, आणि ही संख्या मात्र सगळ्यांची दोनच्या अवतीभवती. जो धातू सहज फुगतो तो सहज दाबलाही जातो. दोन्ही गुणांच्या मुळाशी अणूंमधली तीच बंधनं आहेत.

या संख्येचा अर्थ मुलींना असा सांगितला : एक घनमीटर तांब्यात एक जूल उष्णता घातली आणि आकारमान हलू दिलं नाही, तर दाब २ पास्कलने वाढतो. एकअणू आदर्श वायूत हेच केलं तर दोनतृतीयांश पास्कलने. म्हणजे वायूचं समीकरण आणि घनाचं समीकरण परके नाहीत. वायूत सगळा दाब उष्णतेचाच असतो. घन पदार्थात दोन वाटे असतात. एक केवळ आकारमानावर ठरणारा, शून्य तापमानालाही असणारा, अणूंना जवळ ढकलल्याचा दाब. दुसरा उष्णतेचा : ऊर्जेची घनता गुणिले ग्रुनाइझेन संख्या. दोन्हींची बेरीज म्हणजे पहिल्या दिवशी विचारलेलं समीकरण. वहीत चौकट आखून ते लिहिलं.

उष्णतेने दाब का यावा, यावर बराच वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. दोन शेजारी अणूंना जवळ ढकलायला ऊर्जा झपाट्याने वाढत जाते, लांब ओढायला मात्र सावकाश. ऊर्जेचा आलेख डावीकडे उभा, उजवीकडे पसरट. कंपन मोठं झालं की अणू उजवीकडे जास्त दूर जातो, सरासरी अंतर वाढतं. आलेख दोन्ही बाजूंनी सारखा असता तर कितीही तापवा, पदार्थ फुगला नसता. काही रचनांमध्ये तापल्यावर आडव्या कंपनांनी अणू उलट जवळ ओढले जातात. झिर्कोनियम टंग्स्टेट तर जवळजवळ निरपेक्ष शून्यापासून हजार केल्विनच्या वरपर्यंत तापताना आकसतं. त्याची ग्रुनाइझेन संख्या उणे.

१० जानेवारी

वेग मोजून काढलेला बल्क मॉड्युलस आणि सावकाश दाबून मिळणारा, यांत पोलादासाठी पावणेदोन टक्के फरक पडतो. ध्वनी इतक्या चटकन दाबतो की उष्णता बाहेर जायला वेळ मिळत नाही, दाबलेला भाग किंचित तापतो आणि तोच उलट ढकलतो. लोखंड झटकन १०० मेगापास्कलने दाबलं तर ०.३ अंशांनी तापतं. दगडाच्या हिशेबात हा फरक बाजूला ठेवला आहे.

१६ जानेवारी

कोयनेचा हिशेब, ज्यासाठी सगळं चाललं होतं.

वरचा सव्वा किलोमीटर बेसाल्ट, घनता २.९ : त्याच्या ओझ्याचा दाब साडेपस्तीस मेगापास्कल. खालचा पावणेदोन किलोमीटर नाइस, घनता २.७ : साडेशेहेचाळीस. तीन किलोमीटरला एकूण ८२ मेगापास्कल, वातावरणाच्या आठशे पटींहून जास्त. तापमान दर किलोमीटरला २० अंशांनी वाढतं असं धरलं. दख्खनच्या जुन्या, थंड कवचाला हा आकडा साजतो. म्हणजे पृष्ठभागापेक्षा ६० अंश जास्त.

खाली भेगा मिटलेल्या असणार म्हणून बल्क मॉड्युलस ५० गिगापास्कल घेतला, आकारमानाचा प्रसरणांक दहा लाखात २४. एक घनमीटर नाइस डोळ्यांपुढे आणू. दाबाने तो १६४० घनसेंटिमीटरने आकसतो. उष्णतेने १४४० ने फुगतो. फरक २०० घनसेंटिमीटरचा, जेमतेम एक फुलपात्र.

दाब जिंकतो, पण किती थोडक्यात! एका बाजूला आठशे वातावरणांचा दाब, दुसऱ्या बाजूला साठ अंश, आणि दोघं एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात. एवढ्या खोलीपर्यंत खडकाची घनता जवळजवळ बदलत नाही ती त्यामुळे.

धरणाचाही आकडा काढून पाहिला. कोयना धरणाची उंची १०३ मीटर. तेवढ्या पाण्याचा तळाशी दाब एक मेगापास्कल. नाइस कोंडून एका अंशाने तापवला तर १.२ मेगापास्कल दाब येतो. म्हणजे पूर्ण भरलेल्या धरणाचं ओझं, खडकाच्या आकारमानाच्या भाषेत, एका अंशाहूनही कमी भरतं. जलाशय आणि भूकंप यांच्या नात्यात मुख्य गोष्ट वेगळी आहे : पाण्याचा दाब भेगांमधून खोलवर पोचला की भ्रंशाच्या (खडकातल्या मोठ्या तड्याच्या) दोन तोंडांना आवळून धरणारा परिणामी दाब कमी होतो. ते आमच्या समीकरणात येत नाही, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहायचं.

२२ जानेवारी

दाब वाढतो तसा बल्क मॉड्युलसही वाढतो. दाबलेला पदार्थ आणखी दाबायला जड जातो. मर्नेगन यांचं १९४४ चं समीकरण यासाठीच आहे. तांब्यावर चालवून पाहिलं : आकारमान दहा टक्क्यांनी घटवायला सरळ गुणाकाराने १४ गिगापास्कल पुरतील असं वाटतं, प्रत्यक्षात जवळपास २० लागतात. पृथ्वीच्या केंद्रात, जिथे दाब ३६० गिगापास्कलच्या वर आहे, सरळ गुणाकार निरुपयोगी आहे. कोयनेच्या ८२ मेगापास्कलला मात्र ही दुरुस्ती एक टक्क्याहून कमी. सोडून दिली.

३० जानेवारी

ग्रॅनाइटच्या २७ वर परतलो, आणि मला वाटतं प्रकल्पातली सर्वांत मोलाची गोष्ट इथे आहे.

ग्रॅनाइट एकजिनसी नाही. क्वार्ट्झचा प्रसरणांक आकारमानासाठी दहा लाखात ३६, फेल्डस्पारचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. क्वार्ट्झचा बल्क मॉड्युलस ३७ गिगापास्कल, फेल्डस्पारचा त्याहून बराच जास्त. असा दगड जमिनीत खोलवरून वर येतो तेव्हा दाब सुटतो आणि तो थंडही होतो. संपूर्ण ठोकळ्याची बेरीज जवळजवळ शून्य, हे १६ तारखेला निघालं. पण दाण्यांचं तसं नाही. थंड होताना क्वार्ट्झ शेजाऱ्यापेक्षा जास्त आकसू बघतो, दाब सुटताना जास्त फुगू बघतो. त्यातून क्वार्ट्झचा दाणा वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा वागतो. दाण्यांच्या सीमेवर ताण साठतो आणि बारीक भेगा उघडतात. या भेगांनीच फरशीच्या दुकानातल्या तुकड्याचा बल्क मॉड्युलस निम्म्यावर आणला आहे.

फ्रान्सिस बर्च यांनी १९६० आणि १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत खडकांतला ध्वनीचा वेग सुरुवातीच्या एक-दोनशे मेगापास्कलपर्यंत झपाट्याने चढतो आणि मग आलेख सपाट होत जातो. तो चढ म्हणजे भेगा मिटण्याचा. आमची मोजणी त्या आलेखाच्या अगदी डाव्या टोकाला आहे. म्हणून जमिनीवर मोजलेला आकडा उचलून तीन किलोमीटर खाली लावता येत नाही. २७ लावला असता तर आकसणं दुप्पट आलं असतं आणि दोघांचा तोल दिसलाच नसता.

मुलींना हे समजावताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगितली : आकारमान बदललं नाही म्हणजे काही घडलं नाही, असं समजू नका. दोन मोठ्या गोष्टी समोरासमोर उभ्या असतील, आणि त्यांच्या खुणा दाण्यांच्या सीमेवर सापडतील.

६ फेब्रुवारी

अहवालाचा शेवटचा तक्ता. विचारलं असं : तापमान दर किलोमीटरला किती वाढलं तर दाब आणि उष्णता तंतोतंत बरोबरीत सुटतील? उत्तर काढायला पुन्हा तोच गुणाकार लागतो. खोलीनुसार वाढणारा दाब भागिले प्रसरणांक गुणिले बल्क मॉड्युलस. नाइससाठी किलोमीटरला २२ अंश. घट्ट बेसाल्टसाठी, आमचा ५७ आणि हँडबुकातला दहा लाखात १६ हा प्रसरणांक घेऊन, ३१ अंश.

धरलेल्या २० अंशांना वरच्या काळ्या दगडात दाबाचं पारडं स्पष्ट जड आहे, खाली नाइसमध्ये ते जेमतेमच जड आहे. जिथे तापमान किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी चढतं, तिथल्या ग्रॅनाइटमध्ये पारडं फिरेल आणि खडक खोल जाईल तसा किंचित हलका होत जाईल.

ग्रॅनाइटचा तोच तुकडा ओव्हनमध्ये दोनशे अंशांपर्यंत तापवून, थंड करून, पुन्हा वेग मोजायचा आहे. भेगा वाढल्या तर २७ आणखी खाली येईल. मामांनी ओव्हनचा थर्मोस्टॅट तपासून ठेवला आहे. कारखान्यातल्या तपासनीसांनी पुढच्या आठवड्यात दुपारी यायला सांगितलं आहे.